सात जणांच्या वतीने

भात झोडून झालं, नागली घरात आली आणि दिवाळी सरली की आमच्या कोर्टाच्या आवारात आठ-दहा दिवस वेगळी गर्दी असते. ही माणसं कुणी बोलावलं म्हणून आलेली नसतात. वीटभट्टीच्या गाड्या गावात यायच्या आत त्यांना आपली केस संपवायची असते. गाडी एकदा भिवंडीकडे किंवा वसईकडे गेली की माणूस पावसाळ्याच्या तोंडाला परत येणार. मधल्या महिन्यांत तारखा पडणार, तो येणार नाही, वॉरंट निघणार. हवालदार शोधत भट्टीवर पोचला तर मुकादम बिऱ्हाडासकट हाकलून देणार. त्यापेक्षा गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि गाडीत बसायचं. आमच्या टेबलावर या केसेसना 'गाडीच्या केसेस' म्हणायची पद्धत होती.

मी वकिलाचा कारकून आहे. जव्हारला एकाच वकिलांकडे बावीस वर्षं काढली. साहेबांचा जीव अपघाताच्या दाव्यांत रमायचा. घाटात जीप उलटली, भट्टीवर कुणाचा हात गेला, की ते भरपाईचे कागद स्वतः वाचत, डॉक्टरांच्या दाखल्यातलं एकेक वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करत. गाडीच्या केसेस त्यांनी माझ्यावर सोडल्या होत्या. "त्यात काय वकिली आहे?" असं म्हणायचे. वकीलपत्रावर सही त्यांची. माणसांना गोळा करणं, रांगेत उभं करणं, नाव पुकारलं की पुढे करणं आणि काय बोलायचं ते आधी सांगून ठेवणं ही कामं माझी. मी मूळचा खोडाळ्याकडचा. पाड्यांवरची बोली मला लहानपणापासून येते, त्यामुळे माणसं साहेबांपेक्षा माझ्याशी जास्त बोलत. याचा मला अभिमान होता. त्या अभिमानाबद्दलच हे लिहितो आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वावर गावाच्या बाजूला एका जत्रेत आंब्याच्या झाडाखाली पत्त्यांचा डाव चालला होता, तिथे पोलिसांनी सात जणांना धरलं. जुगाराची केस. सातही जण वांगणी आणि आसपासच्या पाड्यांवरचे. त्यांतले सहा चाळिशी-पन्नाशीचे आणि एक एकोणीस वर्षांचा. आश्रमशाळेत दहावी झालेला, अंगाने काटक, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला. सहांपैकी एक त्याचा चुलता होता.

सकाळी चहाच्या टपरीपाशी मी सातांना उभं केलं आणि नेहमीचं सांगितलं. न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. हो म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही.

तो म्हणाला, "पण दादा, मी खेळत नव्हतो. चुलत्याला जेवाया बोलवाया गेलेलो."

चुलता हसला. "बघा! पुतण्या एकटा साव, आमी सगळे चोर."

"तसं नाय काका, पण मी उभाच होतो."

"उभा होतास तर उभ्याचा दंड भर. आमी बसलेल्याचा भरतो." यावर सगळे हसले. मीही हसलो.

दुसरा एक जण म्हणाला, "ये भाऊ, लांबण नको लावू. उद्या गाडी लागंल."

मी त्याला बाजूला घेतलं आणि समजावलं. तू नाही म्हणालास तर तुझी केस वेगळी चालणार, साक्षीपुरावे होणार, वर्ष जाणार. तू भट्टीवर जाणार की तारखांना येणार? तो म्हणाला, भट्टीवर जावंच लागेल, आयस एकटी आहे. मग झालं तर, मी म्हणालो. दंड भरला की पाटी कोरी.

ही शेवटची ओळ माझी. साहेबांनी मला कधी असं सांगितलं नव्हतं आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं. बोलताना बरी वाटते म्हणून मी ती शेकडो माणसांना सांगितली असेल.

त्या दिवशी साहेब एका दाव्यासाठी पालघरला गेले होते. मलाही घाई होती. खोडाळ्याला बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि दीडची एसटी गाठली तर जेवणाच्या पंगतीला पोचता येणार होतं. हे कारण इतकं किरकोळ आहे की पुढे प्रतिज्ञापत्रात ते लिहायची मला लाज वाटली. पण कारण तेच होतं.

नाव पुकारलं. सात जण ओळीत उभे राहिले, मी टोकाला, त्या मुलाच्या शेजारी. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, कबूल आहे का. सहा जण एकापाठोपाठ एक हो म्हणाले. त्याची पाळी आली तेव्हा त्याने तोंड उघडलं, "साहेब, मी…" आणि मी त्याचं कोपर दाबलं. जोरात नाही. बसमध्ये आपण पुढच्याला सरक म्हणताना लावतो तेवढाच हात. तो थांबला आणि म्हणाला, "हो."

न्यायाधीश चांगले होते. त्यांनी पेन खाली ठेवून आणखी एक प्रश्न विचारला. कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या दबावाखाली कबूल करता आहात का? सहा जणांना तो प्रश्न नीटसा कळला नसावा. ते माझ्याकडे बघू लागले. मी सात जणांच्या वतीने म्हणालो, "नाही साहेब, स्वखुशीने." न्यायाधीशांनी मान हलवली आणि लिहू लागले. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

सहा अंगठे आणि एक सही. सही त्याची, शाळेतल्या वहीवर करावी तशी गोल अक्षरांत. मला दीडची गाडी मिळाली. पंगतीत मी आग्रह करून करून लोकांना वाढलं, हेही आठवतं.

मग तो मला दिसला नाही. साहेब थकले, मुलाकडे नाशिकला गेले. मी त्याच आवारात टेबल टाकून अर्ज लिहून देणं, फॉर्म भरणं, इतर वकिलांची वरवरची कामं करणं सुरू केलं. इथून पुढची गोष्ट गेल्या दोन-तीन वर्षांतली.

एका दुपारी एक तरुण टेबलासमोर येऊन बसला. वनरक्षकाच्या भरतीत त्याची निवड झाली होती. भट्टीवर असताना त्याने बारावीचा अर्ज भरला होता आणि हंगाम अर्धा टाकून परीक्षेला आला होता. नंतर तीन वर्षं पहाटे वांगणीच्या खडबडीत रस्त्यावर धावून धावचाचणीची तयारी केली. निवड झालेल्यांना एक साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. नाव, गाव, शिक्षण, आणि पुढे तीन रकाने: कधी अटक झाली आहे काय, कधी खटला चालला आहे काय, कधी दोषी ठरवलं गेलं आहे काय.

त्या रकान्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "दादा, इथं काय लिहू? ती पत्त्यांची केस होती ना."

मी म्हणालो, "कुठली?"

"तुमीच होतात की. माझ्या बाजूला."

तेव्हा मला तो आठवला. आठवल्याबरोबर मी घाईने म्हणालो, "दंड भरलास ना? मग ते मिटलं. तिन्हीकडे 'नाही' लिही."

"नक्की?"

"अरे तुरुंगात गेला होतास का? मग?"

इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला पूर्ण खात्री नव्हती. निकालाच्या कागदावर 'दोषी' हा शब्द असतो हे कागद हाताळणाऱ्या माणसाला माहीत असतं, माहीत नसतं ते त्याचा पुढे काय अर्थ होतो हे. मी पलीकडच्या टेबलावर कुणालाही विचारू शकलो असतो. पण विचारलं असतं तर त्या दिवसाचं सगळं निघालं असतं. त्याने तीन वेळा 'नाही' लिहिलं. अक्षर तसंच गोल होतं.

दोन महिन्यांनी तो पत्र घेऊन आला. चारित्र्य पडताळणीत पोलिसांकडून जुगाराची शिक्षा कळली होती. शिक्षा झालेली असताना ती का लपवली याचा खुलासा पंधरा दिवसांत करा, अन्यथा निवड रद्द करण्यात येईल. तो ओरडला नाही. त्याने पत्र टेबलावर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझा स्टेपलर ठेवला आणि म्हणाला, "आता काय करायचं सांगा."

मी त्याला मोफत विधी सेवेच्या वकीलबाईंकडे नेलं. त्या तिशीच्या आहेत, वडील इथेच शिक्षक होते. आवारात सगळे त्यांना मॅडम म्हणतात आणि त्या मला काका म्हणतात. त्यांनी पत्र वाचलं, जुन्या निकालाची नक्कल वाचली.

"दंड हीसुद्धा शिक्षाच असते," त्या त्याला म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं मिटलं म्हणून?"

त्याने समोरचं पत्र सरळ केलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, त्याने पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

मॅडमनी चष्मा काढला. "काका, तुम्ही वकील झाला नाहीत हे बरं झालं. निदान सनद तरी वाचली."

मग त्यांनी काय करता येईल ते सांगितलं. ती शिक्षा रद्द करून घ्यायला जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करायचा. आठ वर्षांचा उशीर झाला आहे, तो माफ करायला सबळ कारण हवं. कबुली खरी नव्हती हे दाखवायला हवं. त्याने एकट्याने म्हणून भागणार नाही. शिक्षा झालेला प्रत्येक माणूस तसं म्हणतो. त्या दिवशी तिथे असलेल्या कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. आणि वनखात्याला द्यायच्या खुलाशालाही तोच कागद जोडायचा.

"चुलता?" मी विचारलं.

"चुलता भट्टीवर आहे. आणि चुलत्याने कोपर नाही दाबलं," तो म्हणाला. इतकं तो पहिल्यांदाच बोलला.

म्हणजे ते त्याच्या लक्षात होतं.

मी दोन दिवस मागितले. कशाला, ते मॅडमनी विचारलं नाही. त्या दोन दिवसांत मी हिशेब मांडले, सगळे माझेच. लेखी दिलं की कारकून पक्षकारांच्या वतीने उत्तरं देतो हे कागदावर येणार. माझ्यावर काही कारवाई होऊ शकते का? साहेबांचं नाव येईल. त्यांच्या सहीचं वकीलपत्र होतं आणि ते हजर नव्हते. साहेबांना फोन लावला. ते ऐकू कमी येतं म्हणाले, मग सगळं ऐकून म्हणाले, "माझी सही आहे ना? मग लिही. मी हजर नव्हतो हेही लिही." फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं नाही. आता लिहायचं टाळायला कारण उरलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट माझा जुना दोस्त आहे. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "तू शपथेवर सांगणार? आता आम्हा सगळ्यांना पापं आठवत बसावं लागणार. जरा आमचा तरी विचार कर."

"तूच टाइप करून दे," मी म्हणालो.

"नको बाबा. तुझ्या कबुलीत माझ्या चुका निघतील."

मग मीच टाइप केलं. इतरांची प्रतिज्ञापत्रं मी अर्ध्या तासात उरकतो. हे दुपारभर चाललं. 'सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की' या ओळीनंतर बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी साधी वाक्यं लिहिली. सदर इसम खेळत नसल्याचे त्याने मला त्याच दिवशी सकाळी सांगितले होते. तो न्यायालयास काही सांगू पाहत असताना मी त्याचे कोपर दाबून त्याला थांबवले. न्यायाधीशांनी दबावाबाबत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आरोपींनी दिलेले नसून मी दिले आहे. एसटीचं आणि पंगतीचं लिहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, त्याची गरज नाही.

सही करायच्या आधी मी त्याला वाचायला दिलं. त्याने सावकाश वाचलं. मग म्हणाला, "जजसाहेबांनी तेव्हा विचारलेलं मला समजलं होतं, दादा. मी दहावी होतो. पण तुमी बोललात. म्हटलं, यांना जास्त कळत असेल."

मी सही केली.

जिल्ह्याच्या कोर्टात सहा महिने गेले. न्यायाधीशांनी मला उभं करून एकच प्रश्न विचारला: तुम्ही असं किती जणांच्या बाबतीत केलं? मी म्हणालो, मोजले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. उशीर माफ झाला, शिक्षा रद्द झाली आणि केस नव्याने चालवायला परत जव्हारला आली. म्हणजे शिक्षा झालेला मुलगा आता पुन्हा आरोपी झाला. मॅडमनी हे त्याला आधीच समजावलं होतं. मला ते नव्याने कळलं. आठ वर्षांपूर्वी तो जे मागत होता, आपण खेळत नव्हतो हे सांगायची संधी, ती त्याला आता मिळाली.

केस चालायला वेळ लागला नाही. एक पंच वारला होता. दुसरा जत्रेत भजी तळणारा. त्याने पिंजऱ्यात सांगितलं की कढईवर तेल तापलेलं होतं, सही कर म्हणाले, केली, कागदावर काय होतं ठाऊक नाही. धाड घालणाऱ्या हवालदारांना, आता ते निवृत्त झालेत, हा मुलगा बसलेला होता की उभा हे आठवेना. तो स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी चुलत्याला जेवायला बोलवायला गेलो होतो." मी मागच्या बाकावर बसलो होतो. मॅडमनी मला मुद्दाम मागे बसवलं होतं. तो निर्दोष सुटला.

पण निवड यादीची मुदत तोवर संपली होती. खात्याने खुलासा वाचला, निकालही पाहिला असावा. उत्तर दोन ओळींचं आलं. यादी व्यपगत झाली आहे, पुढील भरतीत अर्ज करावा. मॅडम म्हणाल्या, याविरुद्धही मुंबईला दाद मागता येते, दोन-तीन वर्षं धर. त्याने विचारलं, भरतीत बसायला वयाची किती वर्षं उरली आहेत? त्यांनी मोजून सांगितलं. तो म्हणाला, "मग धावतो. दाद मागत धावण्यापेक्षा ते बरं." मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

राहिले सहा जण. त्यांच्या शिक्षा तशाच आहेत. मी त्यांच्या पाड्यांवर जाऊन आलो. एक वारला आहे. दोघे म्हणाले, आम्ही खेळत होतो की भाऊ, दंड भरला, संपलं. चुलता म्हणाला, "आमचं पुसून काय करतोस? आमाला कोण नोकरी देतंय? पोराचं बघ." बाकीचे दोघे भट्टीवर होते. मॅडमना सांगून ठेवलं आहे.

यंदाही दिवाळीनंतर गर्दी होती. आता मी प्रत्येकाला आधी सांगतो: कबूल केलंस तर तू दोषी ठरतोस, तो कागद राहतो, नोकरीच्या फॉर्मात लिहावा लागतो, घरात शिकणारं कोणी असेल तर विचार करून घे. सांगून मॅडमकडे पाठवतो. काही जण जातात. एक बाई दारूच्या केसमध्ये आली होती, सगळं ऐकून म्हणाली, "तू पयला तर असं नव्हतास सांगत. आता घाबरवतो का?" आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. गाडी दुसऱ्या दिवशी होती. तिला मी थांबवू शकलो नाही.

गेल्या महिन्यात तो परत आला. पुढची भरती झाली, धावण्यात तो पहिल्या काहींत होता, यादीत नाव लागलं. साक्षांकन नमुना घेऊन टेबलासमोर बसला. मी सवयीने पेन पुढे केलं. त्याच्या खिशात त्याचं पेन होतं. अटक झाली आहे काय, या रकान्यात त्याने 'होय' लिहिलं. खटला चालला आहे काय, 'होय', आणि खाली केस नंबर, निकालाची तारीख, निर्दोष. दोषी ठरवलं आहे काय, 'नाही'. मला काही विचारलं नाही. लिहिताना त्याचं डावं कोपर टेबलावर माझ्या हाताजवळ आलं होतं. मी हात मांडीवर घेतला.

लिहून झाल्यावर तो म्हणाला, "स्टेपलर द्या."

त्याने निकालाची नक्कल फॉर्मला जोडली, चारही कोपरे जुळवून.

"पोलिसांचा रिपोर्ट यायला दोन महिने लागतील," मी म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि वावरच्या गाडीसाठी डेपोकडे निघाला.

ते दोन महिने अजून पुरे व्हायचे आहेत.